बापाले घेऊन ये

आमच्याकडच्या शाळांमध्ये एक शिक्षा अशी आहे, की तिला शिक्षा म्हणून कोणी गणतच नाही. वर्गात मारामारी झाली, कोणाची कंपासपेटी हरवली, प्रार्थनेच्या रांगेत गोंधळ झाला, की मास्तर मुलाला म्हणतात, "उद्या बापाले घेऊन ये, नाही तं वर्गात पाय ठेवू नको." शेतकऱ्याच्या मुलाचा बाप दुसऱ्या दिवशी फाटकाशी गाडी लावतो, मास्तरांशी सोयाबीनच्या भावावर दोन शब्द बोलतो, पोराच्या पाठीत एक धपाटा घालतो आणि प्रकरण तिथेच मिटते. पारधी बेड्यावरून, म्हणजे गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरून, येणाऱ्या मुलाला मात्र हेच वाक्य कायमचे घरी बसवते, कारण त्याचा बाप एक तर पोटापाण्यासाठी मुंबईकडे गेलेला असतो, किंवा तालुक्याला एखाद्या केसच्या तारखेवर असतो, किंवा घरी असला तरी जिथे खुर्चीवर बसलेला माणूस प्रश्न विचारतो अशा कोणत्याही जागी पाऊल टाकायला तयार नसतो. मूल दुसऱ्या दिवशी येत नाही, तिसऱ्या दिवशीही येत नाही, हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात आणि शेवटी शेरा पडतो : सतत गैरहजर. त्याला शाळेतून काढले असे कोणत्याही कागदावर नसते.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवत आले आहे, आणि माझ्या बहुतेक शाळांच्या हद्दीत फासेपारध्यांचा एखादा तरी बेडा होता. अमेरिकेतील शाळांमधली शिस्त, तिच्यातला वर्णभेद आणि त्याचा तुरुंगाशी असलेला संबंध यांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तिकडे पुष्कळ संशोधन झाले. ते वाचू लागले तेव्हा आपण परक्या मुलखाविषयी वाचतो आहोत असे मला फार वेळ वाटले नाही. तिथला इतिहास तिथलाच आहे, तो उचलून यवतमाळात आणता येत नाही. परंतु तिथे मुलाला घरी पाठवले तर ते लिहावे लागते, लिहिलेले मोजता येते, आणि मोजल्यावर पक्षपात आकड्यांतून उघडा पडतो. आमच्याकडची शिक्षा तोंडी असते. तोंडी शिक्षेचा आकडा निघत नाही, आणि आकडा नसला की पक्षपात आहे असे म्हणणाऱ्या माणसाकडेच लोक संशयाने पाहू लागतात.

तिथले काही आकडे आधी सांगते. अमेरिकी संसदेसाठी लेखातपासणी करणाऱ्या सरकारी उत्तरदायित्व कार्यालयाने २०१८ मध्ये एक अहवाल दिला. २०१३-१४ या वर्षी तिथल्या सार्वजनिक शाळांतील विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीय मुले १५.५ टक्के होती. शाळेतून निलंबित झालेल्या मुलांमध्ये मात्र त्यांचे प्रमाण ३९ टक्के होते. ही तफावत केवळ गरिबीमुळे दिसत असेल अशी शंका कोणालाही येईल, म्हणून अहवालाने गरीब वस्त्यांतल्या आणि सुस्थितीतल्या शाळा वेगवेगळ्या पाहिल्या, आणि दोन्हीकडे तफावत सापडली. त्याआधी २०११-१२ च्या नोंदींवरून शिक्षण विभागाने बालवर्गांची स्थिती समोर आणली होती. बालवर्गातल्या मुलांमध्ये कृष्णवर्णीय १८ टक्के, आणि एकाहून अधिक वेळा निलंबित झालेल्यांमध्ये ४८ टक्के. अंगणवाडीच्या वयाच्या मुलाला निलंबित करायचे म्हणजे नेमके काय साधायचे, हे मला हा मजकूर लिहीपर्यंत उमगलेले नाही; पण तिथे ते होते, आणि कोणत्या मुलाचे अधिक होते हे त्यांच्याच सरकारने छापलेले आहे.

हे एका रात्रीत झाले नाही. १९९४ मध्ये तिथे कायदा झाला, की शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला किमान वर्षभर काढून टाकलेच पाहिजे. हेतू समजण्यासारखा होता. पण 'अजिबात गय नाही' ही वृत्ती बंदुकीवरून घसरत घसरत उद्धट उत्तरापर्यंत आली, आणि १९९९ मध्ये कोलंबाइन येथील शाळेत गोळीबार झाल्यानंतर शाळांमध्ये पोलीस नेमण्याचे प्रमाण वाढले. जे भांडण पूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटत असे, ते ठाण्यात जाऊ लागले. टेक्सास राज्यात सातवीपासून पुढे सुमारे दहा लाख मुलांच्या नोंदींचा माग काढून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारावीपर्यंत जवळजवळ ६० टक्के मुलांना कधी ना कधी निलंबन किंवा हकालपट्टी झाली होती, आणि या कारवायांपैकी कायद्याने सक्तीच्या असलेल्या अवघ्या ३ टक्के होत्या. उरलेल्या सगळ्या शाळेने आपल्या मर्जीने केलेल्या होत्या. अशी मर्जीची शिक्षा झालेल्या मुलाचा पुढच्याच वर्षी बालगुन्हेगारीच्या यंत्रणेशी संबंध येण्याची शक्यता इतरांच्या मानाने जवळजवळ तिप्पट निघाली.

मर्जी कुठे चालते, याचा शोध इंडियाना विद्यापीठातील रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या एका अभ्यासात घेतला होता. मुलांना मुख्याध्यापकांकडे कोणत्या कारणांसाठी पाठवले जाते, हे त्यांनी एका शहराच्या शाळांतील नोंदींवरून तपासले. गोऱ्या मुलांच्या नावापुढे धूम्रपान, न विचारता निघून जाणे, मोडतोड, शिवीगाळ अशी कारणे अधिक होती. कृष्णवर्णीय मुलांच्या नावापुढे अनादर, फार आवाज करणे, धमकावणे, रेंगाळणे अशी होती. सिगारेट ओढली की नाही ओढली, याबद्दल दोन माणसांचे दुमत सहसा होत नाही. अनादर झाला की नाही हे मात्र ज्याला तो वाटला त्यालाच ठाऊक असते.

आमच्या शाळेत अनादर कशाला म्हणतात? बेड्यावरचे मूल घरी पारधी बोली बोलते आणि मराठी शाळेतच शिकते. पहिली-दुसरीत ते मास्तरांना सरळ 'तू' म्हणते. गावातली बाकीची पोरेही घरी आजोबाला 'तू'च म्हणतात, वऱ्हाडात त्याचे कोणाला काही वाटत नाही; पण तीच पोरे शाळेत 'सर, तुमी' म्हणायला लवकर शिकतात, कारण त्यांचे भाऊ-बहीण आधी शाळेत जाऊन आलेले असतात. ज्याच्या घरातून पहिलेच मूल शाळेत आले आहे, त्याला हे सांगणारे कोणी नसते. मग "याले बोलाची अक्कल नाही" असा त्याचा लौकिक होतो आणि तो चौथीपर्यंत त्याच्याआधी नव्या वर्गात पोहोचतो. दुसरी गोष्ट नजरेची. रागावलेल्या मोठ्या माणसापुढे आमची गावातली मुले मान खाली घालतात आणि बेड्यावरची मुले रोखून पाहतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. लहानपणापासून ज्यांच्या दारात अपरात्री पोलीस येतात, ती मुले समोरच्या माणसावरची नजर काढत नाहीत, हे मला स्वाभाविक वाटते. माझ्या काही सहकाऱ्यांना त्यात मग्रुरी दिसते.

मुलाचे नाव ऐकूनच मत कसे बदलते, याचा एक प्रयोग जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी शिक्षकांना एका काल्पनिक मुलाच्या दोन किरकोळ गैरवर्तनांची नोंद वाचायला दिली. नोंद सर्वांना तीच होती, फक्त काहींच्या कागदावर मुलाचे नाव सहसा कृष्णवर्णीयांमध्ये आढळणारे होते आणि काहींच्या कागदावर गोऱ्यांमध्ये आढळणारे. पहिल्या चुकीपाशी शिक्षकांच्या मतांत विशेष फरक पडला नाही. दुसरी चूक वाचल्यावर मात्र कृष्णवर्णीय नावाच्या मुलाबद्दल शिक्षक अधिक अस्वस्थ झाले, कडक शिक्षेकडे अधिक झुकले आणि हा मुलगा त्रासदायकच आहे असे म्हणायला अधिक तयार झाले. एकाच्या दोन चुका सुट्या राहिल्या. दुसऱ्याच्या दोन चुकांमधून स्वभाव ठरला.

आमच्याकडे हा प्रयोग नावावर करता येणार नाही, कारण फासेपारध्यांची आडनावे पवार, भोसले, चव्हाण, काळे अशीच असतात आणि हजेरीपटावर त्यांच्यात व इतरांच्यात काही फरक दिसत नाही. म्हणून नव्याने बदलून आलेला शिक्षक पट वाचता वाचता थांबून विचारतो, "हा पवार गावातला, का बेड्यावरचा?" मी हा प्रश्न इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे, की आता तो येण्याची वाट पाहते. विचारणारे बहुतेक जण सज्जन असतात. मुलाला शिष्यवृत्तीचा लाभ मिळावा, जात प्रमाणपत्राचे काम मार्गी लागावे, यासाठीही काहींना ते हवे असते. पण उत्तर मिळाल्यानंतर त्या मुलाकडे पाहणारी नजर बदलते.

येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी २०१६ मध्ये नेमकी ही नजरच मोजली. बालवर्गाच्या शिक्षकांना त्यांनी चार मुलांची चित्रफीत दाखवली, काही गैरवर्तन घडते का यावर लक्ष ठेवायला सांगितले आणि त्यांचे डोळे कुठे फिरतात ते यंत्राने टिपले. चित्रफितीत गैरवर्तन असे काही नव्हतेच. तरी शिक्षकांची नजर कृष्णवर्णीय मुलग्यावर अधिक वेळ होती. शोधायला सांगितले की माणूस कुठे शोधतो, एवढेच त्यातून कळते. मला ते पुरेसे वाटते, कारण ज्याच्यावर दिवसभर लक्ष आहे त्याची खोडी सापडतेच, आणि ज्याच्यावर नाही त्याची राहून जाते.

एका शाळेतली गोष्ट सांगते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा पाण्याच्या टाकीच्या पितळी तोट्या गेलेल्या होत्या. सुट्टीभर आवारात साऱ्या गावाची पोरे क्रिकेट खेळत होती, संध्याकाळी मोठी माणसे ओट्यावर बसत होती, आणि बेड्यावरची बरीचशी कुटुंबे त्या दिवसांत गावातच नव्हती. मुख्याध्यापकांनी पोलीस पाटलाच्या कानावर घातले, पाटलाने बीट जमादाराच्या. जमादार आला तो नेमका खिचडीच्या वेळी. कार्यालयात बसून त्याने पहिला प्रश्न केला, "बेड्यावरचे कोन कोन हायेत?" रांगेतून मुले बोलावली गेली. ती हातात ताटल्या घेऊनच आली, कारण ताटली खाली ठेवा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि पिवळी खिचडी थंड होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. सातवीतल्या एकाने रोखून पाहिले असावे. त्याला ठाण्यावर यायला सांगितले गेले, बापाला घेऊन. सुट्टीत शाळेला कुलूप होते आणि आवार साऱ्यांना मोकळे होते, तेव्हा विचारायचे तर साऱ्यांनाच विचारा, असे मी मुख्याध्यापकांना म्हणाले. "मॅडम, तुमाले इकडचं मायत नाही," असे उत्तर मिळाले. माझा जन्म त्याच तालुक्यातला आहे.

तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. तोट्या कोणी नेल्या ते आजपर्यंत कळलेले नाही. त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या बसवल्या, त्या कोणी नेत नाही. त्याच वर्षी गावातल्या एका मुलाने शिक्षकांच्या मोटारसायकलीची सीट ब्लेडने फाडली होती, ती फाडताना त्याला पाहणारे साक्षीदार होते, आणि त्याच्या वडिलांनी हसत हसत नव्या सीटचे पैसे दिले. वडील शाळा व्यवस्थापन समितीवर होते. त्या मुलाला सगळे खोडकर म्हणत, आणि तो खोडकर होताच. पुढे तो डिप्लोमा करून नोकरीला लागला, याचा मला आनंद आहे. तोट्यांच्या प्रकरणातल्या मुलाचे नाव मी कितीतरी वर्षांनी एका वर्तमानपत्राच्या तालुका पानावर वाचले. दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी पकडली, अशी ती बातमी होती. त्या गुन्ह्याचे खरेखोटे न्यायालय ठरवील. शाळेतून त्याला बाहेर काढणाऱ्या दिवशी त्याच्याविरुद्ध कसलाही पुरावा नव्हता, एवढे मी स्वतः पाहिले आहे.

हे सांगितले की शिक्षकांच्या खोलीत एक उत्तर ठरलेले असते. ही मुले त्याच वाटेने जाणार होती. शाळेने शिक्षा केली काय आणि न केली काय, घर तेच, वस्ती तीच. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या मुलांना जास्त शिक्षा होते तीच पुढे जास्त तुरुंगात जातात, एवढ्यावरून शिक्षेमुळे तुरुंग घडतो असे सिद्ध होत नाही. म्हणून मला नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग इथला अभ्यास सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे २००२ मध्ये शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, आणि एकाच वस्तीतली, सारख्याच परिस्थितीतली मुले केवळ रेषेच्या अलीकडे-पलीकडे राहत असल्याने वेगवेगळ्या शाळांत गेली. त्यांतल्या काही शाळा सढळ हाताने निलंबन करणाऱ्या होत्या, काही नव्हत्या. बॅकर-हिक्स, बिलिंग्ज आणि डेमिंग या अर्थतज्ज्ञांनी ती मुले मोठी झाल्यावरच्या नोंदी तपासल्या. कडक शाळेच्या वाट्याला गेलेल्या मुलांना प्रौढपणी अटक आणि तुरुंगवास होण्याची शक्यता १५ ते २० टक्क्यांनी अधिक आढळली. घर तेच होते, वस्ती तीच होती. बदलली होती ती शाळा.

आमच्याकडे या प्रश्नाला कायद्याचाच एक इतिहास आहे, आणि तो अमेरिकेपेक्षा वेगळा आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली. नोंद झालेल्या माणसांना ठाण्यात किंवा पाटलाकडे हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. १८९७ च्या दुरुस्तीने तर ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहवजा वसाहतींत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. अशा जमातींमधल्या कित्येक मुलांना अक्षर-ओळखीची पहिली जागा कुंपणातच दिसली असणार, आणि शाळा म्हणजे पोरे घेऊन जाणारी जागा ही भीती बेड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून ऐकू येते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण त्याच्या पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातली जुनी नावे नव्या वहीत उतरली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ पूर्ण बंद केली. वन्यजीवांसाठी ते आवश्यक होते, परंतु फासे लावून तितर-लावे धरणाऱ्या माणसाचा बापजाद्यांचा धंदा त्यामुळे गुन्हा ठरला, आणि त्याच्या बदल्यात हातात दुसरे काही दिले गेले नाही.

तुरुंगातही ही पाटी पुसली गेली नव्हती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला आणि तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कोणी स्वयंपाक करायचा आणि कोणी झाडायचे हे जातीवरून ठरवणारे नियम त्यात होते, तसेच विमुक्त जमातींच्या, म्हणजे पारध्यांसारख्या, त्या जुन्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार समजण्याला वाव देणारेही होते. कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकावा, असे न्यायालयाने सांगितले. १९५२ ते २०२४ या सगळ्या काळात हे नियम छापील स्वरूपात होते, तर न छापलेल्या नियमांचे काय असेल?

आत गेलेला माणूस बाहेर का येत नाही, याचेही एक साधे कारण आहे. २०२२ अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे चारांत तीन, खटला न संपलेले कच्चे कैदी होते. जामिनाला जामीनदार लागतो आणि आमच्याकडे जामीनदार म्हणजे सातबारा. बेडा बहुधा गायरानावर किंवा जंगलाच्या कडेला असतो. तिथे सातबारा कोणाच्या नावाचा असणार? गावातला शेतकरी पारध्यासाठी आपला सातबारा सहसा कोर्टात ठेवत नाही. म्हणून ज्या गुन्ह्यात इतरांना आठवडाभरात जामीन मिळतो, त्यात हा माणूस कित्येक महिने आत राहतो, आणि त्या महिन्यांत त्याच्या मुलाला शाळेत कोणीतरी म्हणते, बापाले घेऊन ये.

अमेरिकेच्या आणि आमच्या स्थितीत जो फरक मला सर्वांत मोठा वाटतो, तो हा, की तिथे शाळेला मुलाला घरी पाठवण्याचा अधिकार आहे आणि आमच्याकडे तो नाहीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. नापास करण्याबाबत २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, पण काढून टाकण्यावरची बंदी कायम राहिली. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही वर्ज्य आहेत. कायदा इतका स्वच्छ आहे, की त्यामुळे कागदावर शिक्षा होतच नाही, आणि जी होते ती कागदाबाहेर होते. तिथल्या आईला निदान निलंबनाचे पत्र मिळते. १९७५ मध्ये गॉस विरुद्ध लोपेझ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की निलंबित करण्यापूर्वी मुलाला आरोप सांगून त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. 'सतत गैरहजर' या शेऱ्यावर कोणाचे म्हणणे ऐकायचे असते?

या मुलांना शाळा नकोच असते, असे म्हणणाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला जाऊन यावे. मतीन भोसले या फासेपारधी समाजातल्याच शिक्षकाने तिथे 'प्रश्नचिन्ह' नावाची शाळा उभी केली, आणि भीक मागणारी, रेल्वे स्थानकांवर भटकणारी मुले तिथे राहून शिकली. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात त्या शाळेच्या काही इमारती पाडल्या गेल्या. तरी मुले शाळा सोडून गेली नाहीत. शिकवणारा माणूस त्यांच्याकडे चोर म्हणून पाहत नव्हता, हे त्यामागचे एक कारण असावे, असे मी मानते.

शिक्षकांना दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही, कारण मी त्यांच्यातलीच आहे आणि दोन वर्ग एकत्र बसवून, वर निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे करून शिकवणे काय असते ते जाणते. ओकोनोफुआ यांचाच २०१६ चा दुसरा प्रयोग या दृष्टीने मला उपयोगी वाटला. कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांत गणिताच्या शिक्षकांना एक छोटा ऑनलाइन पाठ दिला गेला. शिक्षेऐवजी मुलाची बाजू समजून घेत शिस्त कशी राखता येईल, याबद्दल त्यांनी वाचायचे आणि स्वतःचे दोन शब्द लिहायचे, एवढेच. हा पाठ न मिळालेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत निलंबनाचे प्रमाण ९.६ टक्के होते, तर या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत ते निम्मे, ४.८ टक्के राहिले. पैसा लागला नाही, नवी पदे लागली नाहीत. आमच्या प्रशिक्षणांत दिवसभर स्लाइड दाखवतात, त्यांतली एक दुपार यासाठी काढता येईल.

परंतु प्रमाण निम्मे राहिले हे त्यांना कळले, कारण प्रत्येक निलंबन लिहिलेले होते. म्हणून माझा आग्रह एका साध्या वहीचा आहे. मुलाला वर्गाबाहेर काढले, घरी पाठवले, बापाला बोलावले, शाळेत पोलीस आले, यांतले काहीही झाले की त्याच दिवशी लिहायचे : काय घडले, कोणी ठरवले, मूल परत कधी आले. हे मी सहकाऱ्यांपुढे मांडले तेव्हा एका तरुण शिक्षकाने जो प्रश्न केला तो मला आधी सुचला नव्हता, आणि तो खरा होता. त्याने विचारले, "मॅडम, उद्या जमादारानं ही वही मागितली तं?" शिस्तीची वही म्हणजे बेड्यावरच्या पोरांची आयती यादी होईल आणि दीडशे वर्षांपूर्वीचे रजिस्टर आपण आपल्या हाताने पुन्हा उघडू, ही त्याची भीती अनाठायी नव्हती. बाल न्याय कायदा, २०१५ मुलाला नव्याने सुरुवात करण्याचा हक्क देतो आणि जुन्या नोंदी त्याच्या आड येऊ नयेत असे सांगतो. मग शाळेने नवी नोंद कशाला तयार करावी?

त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा आहे, की वहीत मुलाचे नाव लिहायचे नाही. इयत्ता, मुलगा की मुलगी, गाव की बेडा की तांडा, आणि निर्णय घेणाऱ्या शिक्षकाची सही. मोजमाप शाळेच्या वागण्याचे आहे, तेव्हा नाव शाळेच्या माणसाचे असावे. सहीच्या रकान्याला सर्वांत जास्त विरोध झाला, हे सांगायला नकोच.

पोलिसांच्या बाबतीत कायद्यात पुरेसे आहे, ते फक्त भिंतीवर लावायचे राहिले होते. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि मुलाशी बोलायचे ते त्याने. ताब्यात घेतलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. आणि २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अत्यंत गंभीर किंवा प्रौढांच्या जोडीने केलेला गुन्हा सोडला, तर मुलावर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवायची नसून फक्त ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची असते. हा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून मी कार्यालयात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लावला आहे, म्हणजे समोर बसणाऱ्याला तो वाचावाच लागतो.

वहीचा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आला. या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आमच्या समितीत बेड्यावरची एक आई आहे, जी पूर्वी सही करून लगेच निघून जात असे. या सभेला ती शेवटपर्यंत बसली. दोन ठराव मंजूर झाले : शाळेच्या वेळात पोलिसांना मुलाशी बोलायचे असल्यास समितीचा एक पालक हजर असावा, आणि सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी शिक्षकाने स्वतः जावे, निरोप पाठवू नये. सहीच्या रकान्यावर एकमत झाले नाही. तो विषय पोळ्यानंतरच्या सभेवर ठेवला आहे. तोपर्यंत माझ्या वर्गापुरती वही मी सुरू केली असून तिच्यात सही माझीच आहे.